28 रुपयांचा रस्ता

2008 साली नोकरीसाठी कोल्हापूर सोडून नोएडाला गेले आणि 2019 ला परत आले. 11 वर्षं घर यमुनेच्या एका काठाला, कचेरी दुसऱ्या. मधे डीएनडी, म्हणजे दिल्ली-नोएडा डायरेक्ट. 2001 च्या फेब्रुवारीत सुरू झालेला, 9.2 किलोमीटरचा, आठ पदरी आणि खासगी कंपनीच्या ताब्यातला. नोएडाच्या बाजूला टोलनाका, पलीकडं उतरलं की महाराणी बाग. मी हिशेब तपासणारी बाई, दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधून पोट भरणारी. स्वतःच्या रोजच्या खर्चाची वही मात्र उघडून बघायला मला तीन-चार वर्षं लागली. खाली लिहिलंय ते त्या रस्त्यानं शिकवलेलं आहे. घडलं त्या क्रमानं नाही, पटत गेलं त्या क्रमानं.

1. खिडकीतल्या पोराशी भांडू नये

रोज रात्री झोपण्यापूर्वी मी दुसऱ्या दिवशीचे टोलचे पैसे मोजून गाडीच्या खणात ठेवायची. नेमके सुटे. एका सोमवारी सकाळी खिडकीशी हात बाहेर काढला आणि आतला पोरगा म्हणाला, "दो रुपये और." वर बघितलं तर फलकावरचा आकडा बदललेला.

दोन रुपये पर्समधे असणारच होते. पण माझं डोकं फिरलं. कुणाला विचारून वाढवले, नोटीस कुठं लावली, तुमच्या साहेबांचा नंबर द्या, असं सगळं त्या खिडकीत सुरू केलं. मागं हॉर्नचा कल्लोळ. पोरगा विशीतला, गळ्यात ओळखपत्र, मफलर कानावरून बांधलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मागच्या रांगेकडं बघितलं, खिशातून दोनाचं नाणं काढलं, गल्ल्यात टाकलं आणि पावती माझ्या हातात दिली. "आप निकलिए मॅडम."

कचेरीत पोचेपर्यंत मान वर झाली नाही. दुसऱ्या दिवशी दोनाचं नाणं वेगळं घेऊन गेले, तर त्या खिडकीत दुसराच कुणी. आठवडाभर वेगवेगळ्या रांगा लावून बघितल्या. तो काही परत दिसला नाही. ते नाणं पुढं कितीतरी महिने खणात पडून होतं, आणि खण उघडला की मला आधी तेच दिसायचं.

फलकावरचा आकडा त्या पोरानं लिहिलेला नव्हता. ज्यांनी लिहिला ते त्या खिडकीत कधी बसत नाहीत.

2. वाढलेले दोन रुपये हा मुद्दाच नसतो

हे कळायला मला वहीच घ्यावी लागली.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळं तिचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येत होते. एका रविवारी मी एक अहवाल घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. आधी ताळेबंद नाही बघायचा, आधी त्याच्या खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायच्या. आकडे पाहुण्यांसारखे आवरून बसलेले असतात, घरातलं भांडण टिपांत ऐकू येतं.

टिपांत 12 नोव्हेंबर 1997 चा करार होता. सरकारी बाजूला नोएडा प्राधिकरण. तत्त्व असं, की कंपनीनं रस्ता बांधायचा, ताब्यात ठेवायचा, चालवायचा आणि पैसे वसूल झाले की परत द्यायचा. मुदत 30 वर्षं. इथवर सरळ. पुढं मेख होती. एकूण खर्चावर कंपनीला वर्षाला 20 टक्के परतावा ठरवून दिलेला. आणि एखाद्या वर्षी टोलमधून तेवढा परतावा निघाला नाही, तर जेवढा कमी पडला तेवढा खर्चातच मिळवायचा. पुढच्या वर्षीचे 20 टक्के त्या फुगलेल्या खर्चावर. 30 वर्षांतही भागलं नाही तर मुदत दोन-दोन वर्षांनी वाढवत न्यायची.

मी कागद घेतला. रस्त्याचा मूळ खर्च 408 कोटी. त्याचे 20 टक्के म्हणजे 81 कोटी 60 लाख. समजा, देखभाल वजा जाता टोलमधून त्या वर्षी 30 कोटीच उरले. हा 30 चा आकडा माझा, निव्वळ उदाहरणाला घेतलेला. तूट 51 कोटी 60 लाख. ती खर्चात गेली, खर्च झाला 459 कोटी 60 लाख. दुसऱ्या वर्षी 20 टक्के होतात जवळपास 92 कोटी. टोल वाढवला, गाड्याही वाढल्या, 35 कोटी उरले असं धरू. तरी तूट 57 कोटी. म्हणजे कमाई वाढली आणि देणंही वाढलं. पैसे भरणारा जितका भरतो, तितका मागं पडतो.

मग गंमत म्हणून टोकाचं गणित मांडलं. समजा, एक रुपयाही टोल आला नाही. 20 टक्के चक्रवाढीनं 30 वर्षांत 408 कोटींचे 96,000 कोटींच्या वर होतात. कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं. पोळीचा तवा गॅसवर तापून धुरकटला तेव्हा भानावर आले.

रात्री आप्पांना फोन केला. आप्पा म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं आयुष्य गेलेलं. मी करार सांगत होते, ते मधेच म्हणाले, "थांब. कमी पडलं ते मुद्दलात घालत्यात?"

"हो."

"मग हे सावकाराचं खातं की गं. आमच्या आज्ज्याची जमीन ह्याच हिशेबानं गेली. तो बी दरसाली धान्य घालायचा आणि दरसाली जास्त देणं लागायचा."

हिशेब तपासणीची पदवी माझ्याकडं, पण ताळेबंदाचं नाव त्यांनी एका दमात सांगितलं. त्या दिवसापासून दर वाढला की मी फलक बघायचं सोडलं. दरवाढ महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली, ती होत राहणार. दर तपासायला समिती होती, तिच्यात प्राधिकरण, कंपनी असे लोक, रोज गाडी घेऊन जाणारं कुणी नाही. पण ते सुद्धा दुय्यम. टोल 20 रुपये असो की 28, ज्या खात्यात मुद्दल फिटतच नाही तिथं हप्ता किती, यावर भांडून काय होणार?

3. एकटीनं बहिष्कार घालू नये

तरी मी घातला. स्वभावच.

एका महिन्याला ठरवलं, डीएनडीवर चढायचंच नाही. दुसरा रस्ता कालिंदी कुंजवरून, ओखल्याच्या बंधाऱ्यावरून जाणारा. त्या बंधाऱ्याखाली यमुनेला पांढरा फेस येतो. लांबून बघितलं तर वाटतं बर्फ साचलाय, जवळ गेलं की नाक धरावं लागतं. पुढं ट्रक, मागं ट्रक, मधे माझी लहान गाडी आणि काच वर केली तरी आत येणारा तो वास.

महिनाअखेर हिशेब मांडला. तेव्हा एका फेरीचे 28 रुपये झाले होते, म्हणजे रोजचे 56. कामाचे 22 दिवस. वाचले 1,232 रुपये. जादा पेट्रोलमधे त्यातले निम्म्याहून जास्त गेले. तीन लेट मार्क, त्यात अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली. लेकाची शाळेची बस दोनदा माझ्याआधी दारात पोचली, पोरगं शेजाऱ्यांच्या पायरीवर बसून. पहिल्या तारखेला मी गुपचूप डीएनडीवर.

पण त्या महिन्यात एक गोष्ट ध्यानात आली. खासगी रस्त्याचं खरं भांडवल त्याचं डांबर नाही, शेजारच्या फुकटच्या रस्त्याची दुर्दशा हे आहे. कालिंदी कुंजचा रस्ता जरा बरा असता, तर 28 रुपयांना कुणी दहा वेळा विचार केला असता. "तुम्हाला पर्याय आहे, नको असेल तर त्या रस्त्यानं जा," असं ज्यांनी सांगितलं त्यांना मी त्या फेसाच्या कडेनं एकदा घेऊन जाणार होते. राहून गेलं.

4. गाडीतली माणसं एकत्र येत नाहीत

रोज सकाळी माझ्या पुढं-मागं शेकडो गाड्या. सगळ्यांचं दुखणं एक. पण काचा बंद, एसी चालू, प्रत्येकाची नजर पुढच्याच्या ब्रेकलाइटवर. आठ वर्षं त्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत झालं नाही. नाक्यापुरती एकजूट होते ती हॉर्न वाजवण्याची. नाका ओलांडला की जो तो आपल्या घाईत. ज्याला वेळ नाही म्हणून तो टोल भरतो, त्याच माणसाकडं टोलविरुद्ध भांडायला वेळ कुठून येणार?

भांडण उभं केलं ते घरात बसणाऱ्यांनी. नोएडात प्रत्येक सेक्टरला रहिवाशांची संघटना असते, आणि त्या सगळ्यांचा मिळून महासंघ. त्या महासंघानं 2012 मधे अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका घातली. आमच्या सेक्टरचे सचिव वीज खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पहाटे दुधाच्या बूथवर उभे राहून लोकांना गाठायचे. मलाही तिथंच गाठलं, हातात पिशवी, केस विस्कटलेले, नाही म्हणायची सोय नाही.

पहिल्या बैठकीला गेले तर बागेत सतरंजी, समोसे आणि वीस-बावीस माणसं. त्यातली निम्मी साठीच्या पुढची. मी विचारलं, तुमच्यातले रोज डीएनडीवरून कोण जातं? चार हात वर. बाकीचे महिन्यातून एकदा दवाखान्याला नाहीतर लग्नाला जाणारे. मनात म्हटलं, यांना काय पडलंय? मग हळूहळू दिसलं, की लढायला जे लागतं ते यांच्याकडं होतं. हजेरीचं रजिस्टर, वर्गणीची पावती पुस्तकं, फायलींना लावायला दोरा आणि दुपारी तीन वाजता रिकामा वेळ. माझ्याकडं होता तो फक्त राग.

500 रुपये वर्गणी दिली, पावती घेतली. आणि माझं ते टेबलावरचं गणित हिंदीत एका पानावर मांडून दिलं. सचिवसाहेबांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग त्याच्या प्रती काढून दुधाच्या बूथवर ठेवल्या. माझ्या उभ्या नोकरीत माझा कुठला अहवाल इतक्या लोकांनी वाचला नसेल.

5. सायकलवाल्यालाही टोल लागतो

त्याच काळात कोल्हापूर पेटलेलं. शहरातल्या शहरातले रस्ते, 49.99 किलोमीटर, 220 कोटींचा प्रकल्प, 30 वर्षं टोल. आमचं भांडण टोल वाढतो कसा याचं. त्यांचं त्याहून मुळातलं. आपल्याच गावात शिरायला पैसे का द्यायचे?

आप्पा सत्तरी ओलांडलेले. मोर्चाला जातात हे मला आईकडून कळलं. फोनवर रागावले. "आप्पा, तुमच्याकडं गाडी नाही, साधी लूना नाही. सायकलला कुठला आलाय टोल?"

"सायकलला न्हाई गं. पर सकाळी मेथीची पेंडी घेऊन टेंपो शिरोली नाक्यावरनं आत येतोय न्हवं? तो टोल भरणार आणि मग पेंडी मला आधीच्या भावात देणार व्हय?" जरा थांबून म्हणाले, "सायकलवाल्याला पावती मिळत न्हाई, एवढाच फरक."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी दिल्लीत भरत होते ते दिसत होतं, पावती होती, फाइलला लावता येत होतं. आप्पा भरणार होते ते भाजीत, सिमेंटात, शाळेच्या रिक्षात मुरून जाणार होतं.

आंदोलनाच्या पुढं एन. डी. पाटील सर, वय तेव्हा 84 च्या घरात. जोडीला कॉम्रेड गोविंद पानसरे. पेठापेठांतल्या तालमी, फेरीवाले, वकील, डॉक्टर, रिक्षावाले, सगळ्या रंगांचे झेंडे. तुमच्यात कोण बोंब मारत न्हाई व्हय, असं आप्पा मला विचारायचे, आणि मी आमची सतरंजी नि समोसे सांगितले की हसायचे. 2014 च्या जानेवारीत टोलनाके जाळले गेले. आप्पांना ते अजिबात आवडलं नाही. "जाळायला अक्कल लागत न्हाई," एवढंच म्हणाले आणि दोन दिवस बाहेर पडले नाहीत. 2015 च्या फेब्रुवारीत पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. त्या रात्रीच्या फोनवर आप्पा काही बोललेच नाहीत, नुसता घड्याळाचा आवाज येत होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारनं कोल्हापूरचा टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. आप्पांनी मला पहाटे साडेपाचला उठवून सांगितलं. वर टोमणा, "तुमचं वकील अजून तारीख घ्यालेत काय?"

6. जो युक्तिवाद आपल्याला दुखतो, तो जिंकतोच असं नाही

घेतच होते. अलाहाबाद सहाशेहून जास्त किलोमीटर. महासंघाची मंडळी रात्रीची प्रयागराज एक्स्प्रेस धरून जायची, दुसऱ्या रात्री परत. कधी सुनावणी व्हायची, कधी नाही. परत आल्यावर सचिवसाहेब दुधाच्या बूथवर बुलेटिन द्यायचे, त्यात बहुतेक वेळा बातमी एकच असायची, पुढची तारीख.

मला वाटत होतं, माझं चक्रवाढीचं पान कोर्टापुढं ठेवलं की काम झालं. एका वकिलांनी मला थंडपणे विचारलं होतं, "सूत्र वाईट आहे हे ठीक. पण टोल घ्यायचा अधिकार कंपनीला दिला कुणी? आणि देणाऱ्याला तो होता का?" हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही हिशेबनीस बेरीज तपासतो, वही कुणाची ते विचारत नाही.

26 ऑक्टोबर 2016 ला निकाल आला. टोल बंद. निकालात सूत्राचा समाचार होताच. पण त्याच्या आधीचा घाव वकिलांच्या प्रश्नावर होता. प्राधिकरणानं टोल वसुलीचा अधिकार कंपनीकडं सोपवला, त्याला कायद्याचा आधार नव्हता. म्हणजे जो मुद्दा मला रुक्ष वाटला होता त्यानं दार उघडलं आणि माझं लाडकं गणित मागून आत आलं.

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथं स्थगिती मिळाली नाही. हिशेब तपासायला महालेखापरीक्षकांना सांगितलं गेलं. त्या दिवशी कचेरीत मी उगाचच ताठ बसले होते.

7. जिंकलो तर नाक्यावर जाऊन यावं

दिवाळी चार दिवसांवर. संध्याकाळी घरी जाताना मी दोन रांगा सोडून मुद्दाम हळू चालवत होते. नाका तोच, दिवे तेच, दांडे मात्र वर. लोक हॉर्न वाजवत, काच खाली करून ओरडत सुटलेले. कुणी मिठाईचा डबा बाहेर काढून धरलाय.

मी खिडकीशी आले आणि माझा हात आपोआप खणाकडं गेला. आठ वर्षांची सवय. सुटे काढून हात बाहेर सुद्धा धरला. आतली मुलगी कोपर टेकून बसली होती, समोरचा गल्ला बंद. ती हसली, म्हणाली, "रख लीजिए." तिच्या शेजारी दोघं-तिघं उभे, त्यांच्यात दिवाळीनंतर काय, याचीच चर्चा चाललेली असणार. मी विचारलं, "आपका क्या होगा?" तिनं खांदे उडवले. मागच्यानं हॉर्न वाजवला. मी निघाले.

ते 28 रुपये आणि जुनं दोनाचं नाणं, दोन्ही त्या रात्री मी देवापुढच्या डबीत टाकले. का, ते सांगता येणार नाही. दोन आठवड्यांनी नोटाबंदी आली आणि सुट्यासाठी सगळा देश रांगेत उभा राहिला तेव्हा तीच डबी उपयोगी पडली.

8. फुकट झालेला रस्ता फुकट नसतो

टोल गेल्यावर डीएनडीवर गाड्या वाढल्या, ज्या आधी निजामुद्दीनच्या पुलावरून नाहीतर कालिंदी कुंजवरून जायच्या त्याही आल्या. नाक्यावरची रांग पुढं सरकून आश्रम चौकात जाऊन बसली. माझी वाचलेली दहा मिनिटं तिथं गेली. तक्रार नाही, नोंद आहे.

आणखी एक. कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं त्या कंपनीचे शेअर्स घेतलेले, मुलीच्या लग्नासाठी. 20 टक्के परताव्याचं वाक्य आम्ही दोघांनी एकाच अहवालात वाचलेलं. मला ते बघून संताप आला, त्याला विश्वास वाटला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी पेढे नेले होते, ते त्याच्या टेबलापाशी येऊन अडले. त्यानं एक उचलला, म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात." खाल्ला नाही, कागदात गुंडाळून ठेवला. प्रकल्पामागच्या आयएल अँड एफएस या बड्या समूहाचा डोलारा 2018 मधे कोसळला, तोवर तो त्या शेअर्सबद्दल बोलायचा बंद झाला होता.

कोल्हापूरचा टोल गेला तेव्हाही कंपनीला भरपाई सरकारनं द्यायची ठरली. म्हणजे तिजोरीतून. म्हणजे फिरून आप्पांच्या मेथीतूनच. मी हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे. पर एकदाच फिटलं की. दरसाली वाढणार न्हाई." मला वाटतं, टोलबद्दल अर्थशास्त्राच्या माणसांनी लिहिलेलं बरंच मी वाचलं, त्यातलं याहून नेमकं फार थोडं होतं.

9. दिसत नाही ते वाढलेलं कळत नाही

आता मी कोल्हापुरात. पुण्याला महिन्यातून एखादी फेरी असते. किणीला गाडी हळू होते, काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, दांडा वर. तासवड्याला तेच. कुणाला सुटे द्यायचे नाहीत, खिडकीत पोरगा नाही, पावती नाही. मोबाइलवर संदेश येतो तोवर आपण चौथ्या गिअरमधे. राष्ट्रीय महामार्गांचे दर दर 1 एप्रिलला वाढतात, 2008 च्या नियमात सूत्रच आहे, वर्षाला 3 टक्के आणि शिवाय घाऊक महागाईच्या वाढीतला 40 टक्के हिस्सा. नोएडात माझे दोन रुपये कमी पडले म्हणून मला दरवाढ कळली होती. इथं कमी पडायची सोयच नाही, खात्यातून जातात.

आप्पांना हे पटत नाही. गेल्या वर्षी त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला नेलं, तेव्हा प्रत्येक नाक्यावर विचारलं, "किती कापलं?" मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. म्हणाले, "घरी न्हाई. आत्ता वाच." गाडी कडेला घेऊन वाचून दाखवलं. त्यांच्याकडं उद्यमनगरातल्या काळातली उभ्या रकान्यांची वही आहे, लेथच्या कामांची. तिच्या मागच्या बाजूनं त्यांनी टोल लिहायला घेतलाय. तारीख, नाका, रक्कम. 1 एप्रिलनंतरची पहिली रक्कम लाल शाईनं.

20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं डीएनडीचं अपील फेटाळलं. बांधकामाचा पैसा आणि वर भरपूर नफा केव्हाच वसूल झालाय, आता टोल कशाला, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी वर्तमानपत्र माझ्यापुढं सरकवलं. "तुझ्या पुलाचं मुद्दल फिटलं म्हणत्यात बघ." 2012 ते 2024. माझ्या 500 रुपयांची पावती मी अजून जपून ठेवलीय, ती आणून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली, माझ्याकडं दिली आणि आपली वही ओढून घेतली.

रकमेच्या रकान्याशेजारी पट्टी धरून एक उभी रेघ मारली. वर लिहिलं, 'ऱ्हायलेलं मुद्दल'. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, पेन तसंच हातात.

तो रकाना अजून कोरा आहे.